रॅचेल कार्सन : प्रयोगशाळेतून नभोवाणीकडे



रॅचेल कार्सन हे नाव उच्चारले की जाणत्या वाचकाला ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ आठवतो. १९६२ साली निघालेल्या या ग्रंथाने कीटकनाशकांच्या बेबंद वापराविरुद्ध अमेरिकेतील लोकमत जागे केले. त्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र तो ग्रंथ नव्हे. आजचा विषय आहे त्याच्या तीस वर्षे आधीची एक विद्यार्थिनी. जीवशास्त्राची पदवी घेतलेली, पुढील अभ्यासासाठी विद्यापीठात दाखल झालेली, शुल्क भरण्यासाठी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारी, उन्हाळी वर्गांत नवख्यांना प्राणिशास्त्र शिकवणारी, आणि शेवटी डॉक्टरेटचा नाद सोडून नभोवाणीवर माशांच्या गोष्टी लिहिणारी. चरित्रकार ही वर्षे बहुधा पाचपन्नास पानांत आटोपतात. अडचणींची वर्षे म्हणून त्यांची नोंद होते आणि वाचक पुढे सरकतो. वस्तुतः कार्सन यांना जे पुढे साधले, त्याची घडण याच वर्षांत झाली. आणि ती संशोधनाच्या मेजापेक्षा शिकवण्याच्या आणि सांगण्याच्या कामात अधिक झाली. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय अप्रस्तुत ठरू नये. विज्ञान जाणणारा माणूस आणि ते न जाणणारा वाचक यांची गाठ जेथे पडते, ती जागा अखेर ग्रंथालयच असते.

रॅचेल यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या लहान गावी झाला. अ‍ॅलेगेनी नदीच्या काठचे हे गाव समुद्रापासून शेकडो मैल दूर. घरी पासष्ट एकर जमीन होती, परंतु संपन्नता नव्हती. आई मराया लग्नापूर्वी शिक्षिका होत्या. त्यांनी धाकट्या लेकीला रानात हिंडवले, पाखरांची ओळख करून दिली आणि पुस्तकांची गोडी लावली. ‘सेंट निकोलस’ नावाचे मुलांचे एक नामांकित मासिक त्या काळी निघत असे आणि त्यात मुलांनी लिहिलेला मजकूर छापला जाई. १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रॅचेल यांची पहिली गोष्ट तेथे छापून आली. तेव्हापासून आपण लेखिका व्हायचे, असे त्या मुलीच्या मनाने घेतले.

१९२५ साली पिट्सबर्ग येथील पेनसिल्व्हेनिया कॉलेज फॉर विमेन या संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला तो इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी. शुल्क भागवण्यासाठी आईने सफरचंदे विकली, कोंबड्या विकल्या, घरातील चिनी मातीची चांगली भांडीही विकली; पियानोच्या शिकवण्या वाढवल्या. अभ्यासक्रमात एक विज्ञान विषय घेणे सक्तीचे होते, म्हणून जीवशास्त्र घेतले. ते शिकवीत होत्या मेरी स्कॉट स्किंकर. या बाईंचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही, परंतु या कथेत त्यांचे स्थान मोठे आहे. गुण देण्यात त्या हात आखडता घेत आणि विषय शिकवताना हातचे काही राखून ठेवीत नसत. त्यांच्या वर्गात बसून रॅचेल यांनी १९२८ साली, पदवीला जेमतेम दीड वर्ष उरले असताना, इंग्रजी सोडून जीवशास्त्र हा मुख्य विषय घेतला. शिक्षकांना आणि मैत्रिणींना हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटला. स्त्रीला लेखन करून निदान थोडेफार मिळे. विज्ञानात तिला कोण विचारणार? विज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनींनी मिळून एक मंडळ काढले आणि त्याला ‘म्यू सिग्मा सिग्मा’ असे ग्रीक अक्षरांचे नाव ठेवले. ही होती स्किंकर बाईंच्या नावाची आद्याक्षरे. गुरूचे नाव मंडळाला देण्याची ही युक्ती मोठी गोड आहे.

त्याच १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले आणि विज्ञान मराठीत सांगण्याचा नेम धरून बसले, हा केवळ योगायोग. परंतु जुन्या अंकांच्या बांधीव फायली चाळणाऱ्या सभासदांना तो नोंदवून ठेवावासा वाटेल.

विषय बदलताना रॅचेल यांची समजूत अशी होती की, लेखन आणि विज्ञान या दोहोंपैकी एकच धरता येते. विज्ञान धरले म्हणजे लेखन सुटले. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावर एका भाषणात त्यांनी सांगितले की, विज्ञानाने आपल्याला लिहावयास विषय दिला हे ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली. ही वर्षे कशी गेली ते पाहण्यासारखे आहे.

१९२९ साली त्या उत्तम श्रेणीत पदवीधर झाल्या. कॉलेजचे सुमारे सोळाशे डॉलर देणे उरले होते. त्यासाठी स्प्रिंगडेल येथील आपल्या वाट्याचे भूखंड त्यांनी तारण ठेवले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि दोनशे डॉलरांची शिष्यवृत्तीही मिळाली. तेथे रुजू होण्यापूर्वीचा उन्हाळा त्यांनी वुड्स होल या गावी, तेथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवला. बालपणापासून ज्याविषयी वाचले, ज्याची स्वप्ने पाहिली, तो समुद्र त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रथमच डोळ्यांनी पाहिला.

वुड्स होल येथे त्यांचे काम कासवाच्या डोक्यातील एका मज्जातंतूविषयी होते. त्या कामातून काही विशेष निष्पन्न झाले नाही. निष्पन्न झाले ते निराळ्याच दोन गोष्टींतून. प्रयोगशाळेच्या नावा समुद्रातून जे जीव आणून ओतीत, ते जिवंत पाहता आले ही एक, आणि दुसरी म्हणजे तेथील ग्रंथालय. समुद्राविषयी जगभर निघणारी नियतकालिके आणि ग्रंथ तेथे एकत्र होते. बाई तेथे तासन्‌तास बसून वाचीत. सागराविषयीच्या माहितीचा जो साठा पुढे त्यांच्या ग्रंथांत उतरला, तो जमवण्यास प्रारंभ त्या वाचनकक्षात झाला, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. ग्रंथपालांना त्या काळी याची कल्पनाही नसेल. असे ऋण कोणत्या खात्यावर मांडायचे, हे कोणत्याच ग्रंथालयाला अजून उमगलेले नाही.

बाल्टिमोरचे पहिले वर्ष सुरू झाले आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. महामंदीचे दिवस आले. १९३० साली आईवडील स्प्रिंगडेल सोडून बाल्टिमोरजवळ राहण्यास आले. पाठोपाठ थोरली बहीण आपल्या दोन लहान मुलींसह आली. विद्यापीठाने वार्षिक शुल्क दोनशेचे तीनशे डॉलर केले. पूर्ण वेळ अभ्यास परवडेना, म्हणून दुसऱ्या वर्षापासून रॅचेल अर्धवेळ विद्यार्थिनी झाल्या आणि उरलेल्या वेळात रेमंड पर्ल या ख्यातनाम जीवशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाचे काम करू लागल्या. तेथे उंदीर होते आणि फळमाश्या होत्या.

स्वतःच्या प्रबंधाचे गाडे मात्र अडून बसले. प्रथम विषय घेतला विषारी सापांचा. उष्णतेची जाणीव घेणारा खळगा ज्यांच्या डोळ्याजवळ असतो, अशा जातीच्या सापांवर काम करायचे होते. पुरेसे नमुने मिळेनात. मग खारी घेतल्या. पिंजऱ्यातील खारींना पिल्ले होईनात. संशोधन ज्यांनी केले आहे त्यांना अशा निष्फळ महिन्यांची ओळख असते. प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांचा उल्लेख नसतो. अखेरीस विषय ठरला तो कॅटफिश या माशाच्या, म्हणजे आपल्याकडील शिंगाळ्याच्या गटातील एका माशाच्या, गर्भावस्थेतील मूत्रपिंडाचा. माशाच्या गर्भात प्रथम एक छोटे, तात्पुरते मूत्रपिंड तयार होते. पुढील, अधिक कार्यक्षम मूत्रपिंड सिद्ध होईपर्यंत ते आपले काम करते आणि मग झिजून नाहीसे होते. गर्भाचे पातळ काप घ्यायचे, ते रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहायचे आणि रेखाटायचे, असे हे काम. १०८ पानांचा हा प्रबंध पुरा झाला आणि जून १९३२ मध्ये त्यांना प्राणिशास्त्रातील एम. ए. ही पदवी मिळाली. काम चोख होते, क्रांतिकारक नव्हते. एम. ए.च्या प्रबंधाकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करूही नये.

आता त्यांच्या अध्यापनाकडे वळू. १९३० च्या उन्हाळ्यापासून पुढे कित्येक वर्षे जॉन्स हॉपकिन्सच्या उन्हाळी वर्गांत प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना ग्रेस लिपी या प्राध्यापिकेच्या हाताखाली त्या साहाय्यक म्हणून उभ्या राहिल्या. १९३१ पासून मेरीलँड विद्यापीठातही अर्धवेळ शिकवण्याचे काम त्यांना मिळाले; तेथे दंतवैद्यक आणि औषधनिर्मितीचे विद्यार्थी त्यांच्यापुढे असत.

विद्यापीठात साहाय्यक अध्यापकाच्या कामाला प्रतिष्ठा नसते. ती उमेदवाराने उपजीविकेसाठी करावयाची हमाली समजली जाते; त्यातून सुटून कधी एकदा आपल्या प्रयोगाकडे जातो, असे त्याला व्हावे अशीच अपेक्षा असते. पण या कामात काय येते ते पाहा. सकाळी लवकर येऊन नमुने मांडायचे. गांडूळ, बेडूक, तारामासा ज्याच्या त्याच्या मेजावर ठेवायचा. सूक्ष्मदर्शकातून काहीच दिसत नाही, अशी तक्रार करणाऱ्याच्या शेजारी उभे राहून, त्याला नेमके काय दिसत नाही हे समजून घ्यायचे. आता, ज्याला दिसते त्याला, दुसऱ्याला का दिसत नाही हे कळणे फार कठीण असते. तज्ज्ञाची दृष्टी एकदा आली की नवख्याची दृष्टी विसरली जाते. ती विसरू नये म्हणून नवख्यांच्या वर्गात वर्षानुवर्षे उभे राहण्यावाचून उपाय नाही. दातांचा वैद्य होऊ पाहणाऱ्या तरुणाला हायड्रा या गोड्या पाण्यातील जीवात स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. त्याला परीक्षा उतरून जायची होती. अशा श्रोत्याला विषयात ओढायचे, तर संज्ञा मागे ठेवाव्या लागतात आणि प्राणी पुढे आणावा लागतो. तो काय खातो, कोण त्याला खाते, तो कसा जगतो. कार्सन यांच्या ग्रंथांतील गद्याचा ज्यांनी आस्वाद घेतला आहे त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. संज्ञा तेथे उशिरा येते, आणि येते तेव्हा वाचकाला तिची गरज भासू लागलेली असते.

हा त्यांचा गुण जन्मजात होता असे मानणारे आहेत. भाषेची जाण जन्मजात असेलही. परंतु वाचकाला काय ठाऊक नाही याची जाण अशी उपजत येत नाही. ती प्रात्यक्षिकाच्या मेजाशेजारी उभे राहून मिळते, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

डॉक्टरेटसाठी त्यांनी ईल माशांवर काम सुरू केले होते. ईल, म्हणजे आपण वांब म्हणतो तसा सापासारखा लांबट मासा, नदीत वाढतो आणि वीण घालण्यास समुद्रात जातो. गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाताना त्याचे शरीर हा पालट कसा सोसते, हा प्रश्न होता. परंतु घरात मिळवते हात थोडे आणि खाणारी तोंडे पुष्कळ. १९३४ साली त्यांनी विद्यापीठ सोडले आणि पूर्ण वेळ अध्यापनाची नोकरी शोधू लागल्या. मंदीच्या त्या दिवसांत ती मिळाली नाही. जुलै १९३५ मध्ये वडील अकस्मात वारले. वय अठ्ठावीस, हाताशी एम. ए.ची पदवी आणि पुढे वृद्ध आई, अशी स्थिती झाली.

गरिबीने त्यांना घडवले, असे म्हणण्याचा मोह येथे पुष्कळांना होतो. तो टाळलेला बरा. पैशाअभावी प्रयोगशाळा सोडावी लागलेल्या हजारोंपैकी एक रॅचेल कार्सन झाली. बाकीच्यांचा हिशेब कोणी मांडलेला नाही. शंभर डॉलरांची शुल्कवाढ झाली नसती तर कदाचित एक चांगली मत्स्यशास्त्रज्ञ जगाला मिळाली असती, आणि तीही काही थोडी गोष्ट नव्हती.

या वेळी पुन्हा स्किंकर बाई उभ्या राहिल्या. त्या स्वतः कॉलेज सोडून वॉशिंग्टनला शासकीय सेवेत परोपजीवी जंतूंच्या संशोधनात गुंतल्या होत्या. शासनाच्या स्पर्धापरीक्षेत निदान गुण लपत नाहीत हे त्यांना अनुभवाने कळले होते. त्यांच्या सांगण्यावरून रॅचेल यांनी परोपजीवीशास्त्र, वन्यजीव आणि जलजीवशास्त्र या तिन्ही विषयांच्या परीक्षा दिल्या. परीक्षा उत्तम झाल्या, पण जागा नव्हत्या. तेव्हा बाईंच्याच सल्ल्याने त्या मत्स्यव्यवसाय खात्यातील एल्मर हिगिन्स यांना जाऊन भेटल्या.

हिगिन्स एका निराळ्याच पेचात सापडले होते. त्यांच्या खात्याने नभोवाणीवर ‘रोमान्स अंडर द वॉटर्स’, म्हणजे पाण्याखालच्या अद्भुतकथा, अशी एक मालिका पत्करली होती. सात मिनिटांचा एक, असे बावन्न कार्यक्रम. खात्यातील शास्त्रज्ञांना मासे ठाऊक होते, पण त्यांचे लेखन ऐकवत नव्हते. बाहेरचे पटकथाकार लिहू शकत होते, पण त्यांना मासे ठाऊक नव्हते. दोन्ही प्रयोग फसले होते. हिगिन्स यांनी समोरच्या तरुणीचे एक अक्षरही वाचलेले नव्हते. तरीही धोका पत्करून त्यांनी काम तिच्या हाती सोपवले. आठवड्यातून दोन दिवसांचे, तात्पुरते, रोजंदारीचे काम. कचेरीतील मंडळी गंमतीने या मालिकेला सात मिनिटांच्या मत्स्यकथा म्हणत.

सात मिनिटांत वाचून होतात ते नऊशे ते हजार शब्द. प्रात्यक्षिकाच्या वर्गात निदान मेजावर मासा असतो, हातात खडू असतो, विद्यार्थ्याचा चेहरा दिसतो. नभोवाणीवर यांपैकी काहीच नाही. श्रोता स्वयंपाकघरात असेल, दुरुस्तीच्या दुकानात असेल. त्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही, आणि कंटाळला तर तो कान फिरवतो, लेखकाला पत्ताही लागत नाही. वाक्य एका श्वासात पेलेल एवढेच हवे, आणि तरीही त्यात लय हवी. एका वेळी एकच नवी गोष्ट सांगायची. आकडा सांगायचा तर तो डोळ्यांपुढे उभा राहील असा सांगायचा. माहितीत चूक झाली, तर शेजारच्या खोलीतला तज्ज्ञ ती दाखवून देण्यास बसलेलाच. असे बावन्न वेळा करायचे. डॉक्टरेटच्या कोणत्याही अभ्यासक्रमात ही शिस्त शिकवली जात नाही, आणि अनेक विद्वानांचे ग्रंथ वाचताना ती न शिकल्याची किंमत वाचक मोजत असतो. आपल्याकडील विज्ञानलेखनातही एखाद्या लेखकाच्या मराठीवरून त्याने कधी नभोवाणीसाठी लिहिले आहे की नाही, हे चाणाक्ष वाचकाला चार ओळींत कळते.

पूर्वीचे लेखक जेथे हरले तेथे कार्सन जिंकल्या, याचे कारण त्या दोन्ही बाजूंच्या होत्या. इंग्रजी साहित्य सोडले म्हणून जे गेले असे वाटत होते, ते गेलेले नव्हते. प्राणिशास्त्र सुटले म्हणून जे गेले असे वाटत होते, तेही गेलेले नव्हते.

मालिकेसाठी जमवलेली माहिती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी वृत्तपत्रासाठी लेख लिहिण्यास आरंभ केला. मार्च १९३६ मध्ये ‘बाल्टिमोर सन’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचा पहिला लेख आला. विषय होता शॅड मासा. हा आपल्या हिल्सा माशाच्या कुळातला. समुद्रात वाढतो आणि वीण घालण्यास नदीत चढतो. चेसापीक उपसागरात तो एकेकाळी विपुल मिळे. आता घटत चालला होता. घट का होते? अविचारी मासेमारी, नद्यांत सोडलेली घाण आणि वाटेत उभी राहिलेली धरणे. लेख माशाविषयी होता, पण त्यात माणसाच्या वागणुकीची झडतीही होती, आणि ती आवाज न चढवता घेतलेली होती. ‘सायलेंट स्प्रिंग’ची लेखिका पन्नाशीनंतर एकाएकी अवतरली असे समजणाऱ्यांनी हा लेख ध्यानात घ्यावा. लेखाखाली नाव होते ‘आर. एल. कार्सन’. लिहिणारा पुरुष आहे असे वाचकाला वाटले तर तो शास्त्रीय मजकूर अधिक गंभीरपणे घेईल, असा त्यामागचा हिशेब. तो हिशेब चुकीचा नव्हता, हेच त्यातील दुःख.

त्याच वर्षी जागा निघाली. स्पर्धापरीक्षेत सर्व उमेदवारांत अधिक गुण मिळवून कार्सन कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. मत्स्यव्यवसाय खात्यात पूर्ण वेळच्या व्यावसायिक पदावर नेमली गेलेली ही केवळ दुसरी स्त्री. जानेवारी १९३७ मध्ये बहीण वारली. तिच्या दोन शाळकरी मुलींचा भारही आता रॅचेल यांच्यावर आला. दिवसा मत्स्यसंख्येची आकडेवारी तपासायची, पुस्तिका लिहायच्या; रात्री आपले लेखन.

हिगिन्स यांनी एकदा खात्याच्या एका पुस्तिकेसाठी सागराविषयी प्रास्ताविक मागितले. कार्सन यांनी ते लिहून दिले. वाचून हिगिन्स म्हणाले की, हे आपल्या कामाचे नाही, दुसरे लिहून द्या, आणि हे ‘अटलांटिक मंथली’कडे पाठवा. एका शासकीय अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या माणसाचे लेखन पुस्तिकेसाठी नाकारावे, आणि ते पुस्तिकेला नको इतके चांगले आहे म्हणून नाकारावे, हा प्रसंग विरळाच. अशा अधिकाऱ्याचेही साहित्याच्या इतिहासात नाव राहावे. सप्टेंबर १९३७ च्या अंकात ‘अंडरसी’ या नावाने तो लेख आला. अवघी चार पाने. भरती-ओहोटीच्या रेषेपासून वाचकाला हाताशी धरून लेखिका खोल, अंधाऱ्या तळापर्यंत नेते. प्लवक खाणारे मासे, त्यांना खाणारे मासे, आणि अखेर सर्वांचे विघटन होऊन पुन्हा तेच द्रव्य नव्या जिवांत शिरणे, असे सारे चक्र त्यात आहे. तो वाचून एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकाचे पत्र आले. ‘द स्टोरी ऑफ मॅनकाइंड’चे लेखक हेंड्रिक व्हॅन लून यांचेही आले. ग्रंथ लिहा, असा दोघांचा आग्रह.

तो ग्रंथ, ‘अंडर द सी-विंड’, १ नोव्हेंबर १९४१ रोजी निघाला. त्याच्या तिसऱ्या भागाची नायिका आहे एक ईल. अंग्विला हे तिचे नाव. शास्त्रात ईलच्या प्रजातीचे नाव तेच आहे. डोंगरातील तळ्यातून ती निघते, नदीने समुद्रास मिळते आणि दूर सारगासो समुद्राच्या खोलीत वीण घालण्यास जाते. या विणीच्या जागेचा शोध योहानेस श्मिट या डॅनिश संशोधकाने १९२०च्या दशकात जगापुढे मांडला होता. अपुऱ्या राहिलेल्या डॉक्टरेटमधील ईल येथे अशी अवतरली. गोड्यातून खाऱ्या पाण्यात जाताना तिला काय होत असेल, हा प्रयोगशाळेत अर्ध्यावर सुटलेला प्रश्न. ग्रंथात तो प्रवासाची कथा होऊन आला. ग्रंथ निघून पाच आठवडे होतात तोच पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. आरंभीच्या वर्षांत दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. पुढे १९५१ साली ‘द सी अराउंड अस’ गाजला, तेव्हा १९५२ मध्ये हा जुना ग्रंथ पुन्हा छापला गेला आणि तोही हातोहात खपला.

स्किंकर बाई हे यश पाहण्यास नव्हत्या. १९४८ च्या डिसेंबरात त्या कर्करोगाने वारल्या. रुग्णालयात कोणाला कळवायचे असे विचारल्यावर त्यांनी नाव दिले ते आपल्या जुन्या विद्यार्थिनीचे. आणि रॅचेल तातडीने त्यांच्याजवळ जाऊन पोचल्या.

‘सायलेंट स्प्रिंग’वर टीकेचा जो भडिमार झाला, त्यात एक आक्षेप पुनःपुन्हा घेतला गेला. या बाईंना डॉक्टरेट नाही, विद्यापीठात पद नाही, या शास्त्रज्ञ नव्हेत, फार तर निसर्गावर सुंदर लिहिणाऱ्या. म्हणजे १९३४ साली शुल्काअभावी जे सुटले, त्याचा जाब १९६२ साली मागण्यात आला. आक्षेप घेणाऱ्यांनी ग्रंथाच्या शेवटची पन्नासहून अधिक पानांची आधारसूची चाळली असती, तर निराळे दिसले असते. कार्सन यांनी प्रकरणे त्या त्या विषयातील तज्ज्ञांकडून तपासून घेतली होती. सर्व कीटकनाशके बंद करा असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. विषे अजाण हातांत सरसकट देऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि ज्याला शिकवण्याची सवय आहे अशा माणसाचे एक लक्षण त्यांच्यात शेवटपर्यंत टिकले. एखादी क्लोरिनयुक्त विषारी द्रव्याची रचना समजावून देताना त्या वाचकाला कार्बनच्या एका अणूपासून सुरुवात करून देतात, जणू तो प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच दिवशी मेजाशी येऊन बसला आहे.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. समितीचा अहवाल १५ मे १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. अहवाल लिहिणारे सारे मान्यवर शास्त्रज्ञ होते. रॅचेल कार्सन यांचा ग्रंथ निघेपर्यंत कीटकनाशकांच्या विषारीपणाची जनतेला सामान्यतः कल्पना नव्हती, अशी नोंद त्यांनी आपल्या अहवालात केली.